चष्मा आहे म्हणून इकडे लोको पायलट होता येत नाही, तर १९व्या वर्षी जर्मनीला जाऊ द्यावं का?

भाचीचा_मामा
भाची १९ वर्षांची आहे, बारावी सायन्स झालीय आणि तिला ट्रेनच चालवायचीय. २०२३ मध्ये सुरेखा यादव यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली तेव्हापासून तर घरात दुसरा विषयच नाही. अडचण एकच, दोन्ही डोळ्यांना नंबर आहे. असिस्टंट लोको पायलटसाठी ए-वन मेडिकल लागतं, म्हणजे चष्म्याशिवाय ६/६, आणि लेसर करून नंबर घालवला तरी घेत नाहीत. मग तिनेच शोधून काढलं की जर्मनीत चष्मा लावून ट्रेन चालवता येते. तीन वर्षांची आउसबिल्डुंग असते, थोडे दिवस कंपनीत काम, थोडे दिवस शाळा, फी नाही, उलट पगार मिळतो आणि मोठ्या रेल्वे कंपन्यांत तो पहिल्याच वर्षी महिना हजार युरोच्या वर असतो. ताई आणि भाऊजी ठाम विरोधात आहेत. माझं मत, जाऊ द्यावं. तुम्ही सांगा, पण मुलगी आहे म्हणून नको हे सोडून बोला, ते आमच्याकडे रोज ऐकतोय.

सिग्नलवाला
मामा, राग मानू नका, पण मी रेल्वेत आहे म्हणून सांगतो. नंबर आहे म्हणून रेल्वेचं दार बंद होत नाही, सिग्नल टेक्निशियनला बी-वन मेडिकल असतं, तिथे चष्मा चालतो. आणि तिकडे शिकून उद्या परत यायचं म्हटलं तर काय करणार? आपल्याकडे असिस्टंट म्हणूनच भरती होते आणि तीही परीक्षा देऊन, बाहेरचा परवाना दाखवून कोणी इंजिनात बसवत नाही, आणि मेडिकल तर तेच ए-वन. म्हणजे एकदा ही लाइन धरली की पोरगी कायमची तिकडची झाली. इंजिनियर, नर्स यांना परतीची वाट असते, ट्रेन ड्रायव्हरला नसते. १९व्या वर्षी इतका पक्का निर्णय कोणी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पहाटेची_ड्यूटी
मी हीच आउसबिल्डुंग करतेय, शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून जरा लांबलचक लिहिते. सिग्नलवाला दादांचा परतीचा मुद्दा खरा आहे. पण ज्याला ट्रेन चालवायचीय त्याला सिग्नलची नोकरी सुचवणं हा उपाय नाही, ती दोन वेगळी आयुष्यं आहेत.

काम कसं असतं ते सांगते. केबिनमध्ये तुम्ही एकट्या, असिस्टंट नसतो. पायाशी सीफाचं, म्हणजे ड्रायव्हर शुद्धीवर आहे ना हे तपासणाऱ्या यंत्रणेचं पेडल असतं, ते दाबून धरायचं आणि ३० सेकंदांच्या आत एकदा सोडून परत दाबायचं, नाहीतर आधी दिवा लागतो, अडीच सेकंदांनी भोंगा, त्यानंतर अडीच सेकंदांत इमर्जन्सी ब्रेक. सुरुवातीला सगळं लक्ष त्या पायातच असतं, पुढे पाय आपोआप हलतो. खरी परीक्षा भाषेची. सिग्नल बिघडला की कंट्रोलरूमचा माणूस रेडिओवर लेखी आदेश सांगतो, तुम्ही छापील फॉर्मवर लागू असलेल्या रकान्यात खूण करायची, किलोमीटरचे आकडे लिहायचे आणि सगळं जसंच्या तसं परत वाचून दाखवायचं. समोरचा घाईत असतो, त्याच्या गावाकडच्या उच्चारात बोलतो, आणि मागे डब्यांत माणसं बसलेली असतात. तिथे कळलं नसताना 'हो' म्हणणं हा गुन्हाच आहे. युरोपच्या नियमात ट्रेन ड्रायव्हरला बी१, म्हणजे मधल्या पातळीची भाषा लागते ती याच कारणासाठी. पण बी१ म्हणजे फक्त दारातून आत येणं, त्याच्या वरची बी२ पातळी करूनच या.

एका_मुलाची_आई
मामा, माझा मुलगा ट्रक ड्रायव्हरच्या आउसबिल्डुंगला गेला होता. एका एजन्सीने काही लाख घेतले, बी१चा क्लास घाईघाईत उरकला आणि पाठवून दिलं. प्रोबेशनमध्येच कंपनीने सांगितलं की तुझी भाषा कमी पडते. प्रोबेशन चार महिन्यांपर्यंत असू शकतं आणि त्यात नोटीस न देता काढता येतं, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. थंडीचे दिवस, ओळखीचं कोणी नाही, फोनवर पोरगा नुसता गप्प असायचा. सगळे पगाराचं बोलतात, त्या गप्प बसण्याचं कोणी बोलत नाही. तुमच्या ताई विरोध करतायत तो अडाणीपणा नाही हो. आधी इथे डिप्लोमा करू दे, २२-२३ची झाली की जाऊ दे ना, ट्रेन कुठे पळून जातायत?

पहाटेची_ड्यूटी
काकू, वाचून फार वाईट वाटलं. पण दोन गोष्टी इथे लिहायलाच हव्यात म्हणजे पुढच्यांना कळतील. एक, आउसबिल्डुंगच्या जागेसाठी एजंटला लाखो द्यायची गरज नाही. तिथल्या सरकारी रोजगार खात्याच्या पोर्टलवर जागा दिसतात, कंपन्यांच्या साइटवरही असतात, थेट अर्ज करायचा, मुलाखत ऑनलाइन होऊ शकते. खर्च करायचा तो भाषेवर. दुसरं, आपली चूक नसताना आउसबिल्डुंग मध्येच संपली तर लगेच देश सोडावा लागत नाही, दुसरी जागा शोधायला कायद्याने सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते. एजन्सीवाले हे सांगत नाहीत आणि पोरं घाबरून परत येतात.

वयाचं मात्र पटलं नाही. माझ्या वर्गात सगळे १७-१८चे, चुका सगळ्यांसमोर होतात आणि शिकवणाराही धीर धरतो. पंचविशीत तिथे बसणं जास्त जड जातं.

जुना_मोटरमन
आयुष्य याच कामात गेलं, आता रिटायर आहे. भाषा, एजंट सगळं बोललात, पण रुळावर माणूस येतो त्याबद्दल कोणी बोललं नाही. तिकडेही दरवर्षी शेकडो लोक रुळावर जीव देतात. गाडी जागच्या जागी थांबत नाही, जर्मनीत मेन लाइनवर आगाऊ सूचना देणारा सिग्नल साधारण १००० मीटर आधी असतो तो त्यासाठीच. ब्रेक लावून झाल्यावर तुमच्या हातात काहीच उरत नाही, फक्त बघायचं. माझ्यासोबत निदान सहकारी होते, घरी आल्यावर माणसं होती. ही पोरगी त्या रात्री परक्या गावात एका खोलीत एकटी परतणार. मी तिला अडवणार नाही, पण हे तिला कोणीतरी समोर बसवून सांगितलंय का?

पहाटेची_ड्यूटी
काका, तुम्ही बोललात ते बरं झालं. आम्हाला हे शिकवतात, आणि असं झालं की ड्रायव्हरला तिथेच ड्यूटीवरून उतरवतात, गाडी दुसरा माणूस नेतो, पुढे समुपदेशन असतं. तरी एकटेपणाचं तुमचं म्हणणं मला खोडता येत नाही.

आकडेमोड
एवढं करून ड्रायव्हरच नको झाले तर? जर्मनीतच न्यूर्नबर्गच्या मेट्रोची एक लाइन २००८ पासून ड्रायव्हरशिवाय धावते.

पहाटेची_ड्यूटी
ती बंदिस्त मेट्रो लाइन आहे. मेन लाइनवर मालगाडी, लोकल, एक्सप्रेस सगळं एकाच रुळावर, मध्ये फाटकं, तिथे ते इतकं सोपं नाही. आणि ड्रायव्हरची किंमत काय ते युनियनकडे बघून कळतं, २०२४ मध्ये जीडीएल या ट्रेन ड्रायव्हरांच्या युनियनने संप करून आठवडा ३८ तासांवरून २०२९ पर्यंत टप्प्याटप्प्याने ३५ तासांवर आणायचं मान्य करून घेतलं, पगार न कापता.

भाचीचा_मामा
सगळं ताईला वाचून दाखवलं. मोटरमन काकांचं ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली की हे पोरीला मीच सांगते. पोरीने ऐकून घेतलं आणि विचारलं की जर्मन क्लास कधी लावायचा. ताईची अट अशी आहे की बी२ हातात येईपर्यंत कुठेही अर्ज करायचा नाही आणि एजंटचं नाव काढायचं नाही. मला ते मान्य आहे.

सिग्नलवाला
माझं मत बदललेलं नाही, परतीचा रस्ता नसलेली नोकरी मी माझ्या मुलीला घेऊ दिली नसती. पण जाणारच असेल तर क्लासची फी भरायच्या आधी रंग ओळखायची तपासणी करून घ्या. चष्मा तिकडे चालतो, रंग नीट दिसत नसले तर कुठेच चालत नाही, आणि आपल्याला रंग कमी दिसतात हे कित्येकांना मेडिकलपर्यंत माहीतच नसतं. साध्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे ठिपक्यांचं पुस्तक असतं, पाच मिनिटांचं काम आहे.

पहाटेची_ड्यूटी
हे अगदी बरोबर, आधी तेच करा. मामा, रिपोर्ट आला की इथे लिहा, मग कुठल्या कंपन्या कधी अर्ज घेतात ते सांगते.