सरकारी की प्रायव्हेट, नेमकी कुठली पायरी?
सरकारी लोक फुकटचा पगार खातात असं बरेच जण म्हणतात, पण प्रायव्हेटशी तुलना कुठल्या पायरीवर करताय ते बघा की. सातव्या वेतन आयोगात केंद्राचं सगळ्यात खालचं बेसिक 18000, वर डीए म्हणजे महागाई भत्ता, घरभाडं वेगळं. आमचा धाकटा भाऊ आयटीआय करून आठ वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे एमआयडीसीत केमिकल कंपनीत कंत्राटदाराकडे आहे, तिन्ही शिफ्ट करतो तरी एवढं हातात यायला ओव्हरटाइम लागतो, आणि गणपतीला दोन दिवस मागितले तर कंत्राटदार म्हणतो गेटपास परत कर. तिथलाच मॅनेजर मात्र स्वतःच्या गाडीने येतो. म्हणजे खाली सरकारी बरं, वर प्रायव्हेट.

पण सरकारी म्हणजे सगळं तूपसाखर असंही नाही हां. आमच्या वहिनीने झेडपीच्या शाळेत शिक्षण सेवक, म्हणजे सुरुवातीला मानधनावरची शिक्षिका, म्हणून तीन वर्षं महिना 6000 वर काढली, आणि 1 नोव्हेंबर 2005 नंतरची भरती म्हणून जुनी पेन्शन नाही, त्यासाठी झालेल्या मार्च 2023 च्या संपात तीपण होती. भावाचं तर विचारूच नका, ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन महिना 1000 रुपये, त्यात महिन्याचे बांगडेपण यायचे नाहीत, सुरमई लांबच राहिली.