पट्टी आधी बघा, गाणं मग

साठीपुढच्या मैत्रिणींच्या कराओकेसाठी कोणती गाणी घ्यावीत, या प्रश्नावर कुणीतरी व्हिटनी ह्यूस्टनचं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' सुचवलंय. नको हो! १९९२ च्या त्या गाण्याची सुरुवात साथीशिवाय आहे. सूर चुकीचा धरला असेल तर वाद्यं आली की लगेच उघडं पडतं. शिवाय शेवटी ड्रमच्या एका ठोक्यानंतर पट्टी अख्खा एक स्वर वर चढते. हेच गाणं हवं असेल तर डॉली पार्टनच्या १९७४ च्या मूळ गाण्याचा ट्रॅक घ्या.

वयाबरोबर बायकांचा आवाज खाली उतरतो, म्हणून अमेरिकन गायिका कॅरन कारपेंटरची गाणी सोयीची. तिचा आवाजच खर्जाकडचा. 'टॉप ऑफ द वर्ल्ड' बहुतेकींना मूळ पट्टीत झेपेल. नॅन्सी सिनात्राचं बुटांचं गाणं ('दीज बूट्स आर मेड फॉर वॉकिन', १९६६ मध्ये गाजलेलं) तर अर्धं बोलल्यासारखंच.

ॲबा या गटाचं 'डान्सिंग क्वीन' घ्यायचंच असेल तर मशीनवर 'की' म्हणजे पट्टी दोन-तीन घरं (अर्धे स्वर) खाली आणा. ते थेट धृपदातून, वरच्या सुरात सुरू होतं. घसा तापलेला नसेल तर पहिल्याच ओळीला आवाज चिरकतो. फार खाली नेलंत तर मात्र कडवी पुटपुटल्यासारखी होतात. मशीनवरचा एको (आवाजाचा घुमारा) निम्म्याहून कमी ठेवा, नाहीतर शब्दांचा काला होतो.