रेड ५ मध्ये चौथी डिस्क घालायची आहे: जागेचा हिशेब वहीत काय लिहू?

मालवणी_लेन्स
तारकर्ली-देवबागकडे पाण्याखालचं शूटिंग करतो. सगळं फुटेज दुकानातल्या लिनक्स मशीनवर आहे: ४ टीबीच्या तीन डिस्क, एमडीएडीएम या लिनक्सच्या साधनाने जोडून केलेलं रेड ५ (एका डिस्कएवढी जागा सुरक्षेसाठी जाते, म्हणून एखादी डिस्क गेली तरी डेटा राहतो), वर ईएक्सटी४ फाइलसिस्टीम. पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं, तेवढ्यात चौथी डिस्क घालून घ्यायची आहे. डिस्क जोडा, ग्रो करा (म्हणजे रेड नव्या डिस्कवरही पसरवा), मग फाइलसिस्टीम वाढवा, हे जागोजागी लिहिलेलं सापडतं. पण त्याआधी कुठे किती जागा मोकळी हवी, ते एका ठिकाणी मिळत नाही. ‘बॅकअप फाइल’ द्या म्हणतात, ती केवढी असते? फुटेज ७ टीबीच्या आसपास आहे, मग फाइलही तेवढीच का? सिस्टीमच्या एसएसडीवर २० जीबी मोकळे आहेत. सीझनला मी बोटीवर आणि दुकानात भाचा. त्याला वही उघडून काम करता यावं, म्हणून आकड्यांसकट लिहायचं आहे.

रत्नागिरीकर
दादा, ती फाइल फुटेजची प्रत नव्हे. सुरुवातीचे पट्टे (सगळ्या डिस्कवर आडव्या पसरलेल्या डेटाच्या ओळी) नव्या रचनेत लिहिताना जुन्याच जागेवर येतात, म्हणून तेवढाच भाग आधी बाजूला ठेवतात. तीन डिस्कच्या रेड ५ मध्ये एका पट्ट्यात डेटाचे दोन चंक (एका डिस्कवर सलग लिहिला जाणारा तुकडा), चार डिस्कमध्ये तीन. दोन आणि तीनचा लसावि सहा. चंक ५१२ केबीचा असेल तर ६ × ५१२ = ३०७२ केबी, म्हणजे फक्त ३ एमबी! नव्या आवृत्त्या पुष्कळदा डिस्कच्या सुरुवातीची राखीव जागा वापरतात आणि फाइल मागतही नाहीत. वहीत जाड अक्षरात लिहा: फाइल एसएसडीवर, वाढवतोय त्या अ‍ॅरेवर (रेडच्या डिस्कांच्या संचावर) कधीच नाही. डिस्क तेवढ्याच ठेवून नुसता चंकचा आकार बदललात, तर मात्र ती शेवटपर्यंत लागू शकते.

गुहागरची_ताई
बॅकअप फाइलपेक्षा नव्या डिस्कचा आकार आधी बघा. लेबलवर ४ टीबी असतं, पण एमडीएडीएम प्रत्येक डिस्कमधली जेवढी जागा वापरतं, त्याहून नवी डिस्क किंवा पार्टिशन लहान निघालं तर ते घेतच नाही. बहुतेक ४ टीबी डिस्कमध्ये ५१२ बाइटचे ७,८१,४०,३७,१६८ सेक्टर असतात. तुमच्या तिन्ही डिस्कचे आकडे वहीत उतरवा आणि नवीचा आकडा बॉक्स फोडल्या फोडल्या ताडून बघा. पार्टिशन करणार असाल तर त्यांचा तक्ता जीपीटी प्रकारचाच ठेवा. जुना एमबीआर प्रकार २ टीबीच्या जरा पुढे अडकतं.

नंतर भाचा म्हणेल, १२ टीबी झाले पाहिजेत, इथे १०.९ का दिसतात? १०२४ च्या पटीत मोजल्यावर तेवढेच दिसतात. शिवाय ईएक्सटी४ मूळ सेटिंगनुसार ५ टक्के जागा राखून ठेवतं, ते इथे ६०० जीबी होतात. नुसतं फुटेज असलेल्या डिस्कवर १ टक्का पुरतो.

आणि पुढचं आताच लिहून ठेवा: फाइलसिस्टीमला ‘६४बिट’ फीचर नसेल तर ती १६ टीआयबीच्या (१०२४ च्या पटीत मोजलेले टीबी) वर जात नाही. पाच डिस्कपर्यंत १४.५५ होतात, चालतं. सहाव्या डिस्कला अडते.

मालवणी_लेन्स
ताई, हे सहाव्या डिस्कचं कुठेच वाचलं नव्हतं. आत्ताच बघितलं, ६४बिट आहे, आणि चंकही ५१२ चाच. आता एकच भीती, इथे पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि रीशेप (ग्रो करताना डेटा नव्या रचनेत मांडणं) दिवसभराहून जास्त चालेल.

रत्नागिरीकर
थांबलं तर मशीन चालू झाल्यावर थांबल्या जागेपासून पुढे जातं, जागेची खूण डिस्कवरच लिहिलेली असते. तरी यूपीएस लावाच. पण त्या काळात एखादी डिस्क गेली आणि मागोमाग दुसरीही, तर रेड ५ मधलं काही हाती लागणार नाही. तेव्हा तुमच्या हिशेबात खरी मोठी जागा तीच: ७ टीबीच्या पूर्ण प्रतीसाठी बाहेरची ८ टीबीची डिस्क. ती भरून, चार-दोन फाइल उघडून बघितल्याशिवाय ग्रो करू नका.

मालवणी_लेन्स
घेतो. वहीत पहिली ओळ तीच लिहिली, बॅकअप फाइलचे ३ एमबी तिच्या खाली.