फोनवरचे मेसेज कॉम्प्युटरवर दिसत नाहीत, कोणी सांगेल का?

बी-२०३: नमस्कार मंडळी. फोनवर येणारे एसएमएस मला कॉम्प्युटरवर दिसायचे, ते हल्ली वेळेवर येत नाहीत. काय करावं? फोनच्या त्या इवल्याशा कीबोर्डवर माझी बोटं बसत नाहीत, म्हणून उत्तरं कॉम्प्युटरवरूनच लिहितो.

डी-३०२: काका, फोन रीस्टार्ट करा. कॉम्प्युटरही.

बी-२०३: दोन्ही करून झालं.

डी-३०२: मग अ‍ॅप काढून परत टाका.

ए-५०१: थांबा काका, इतक्यात काही काढू नका. आधी सांगा, कॉम्प्युटरवर नक्की कशात बघता? विंडोजच्या फोन लिंक अ‍ॅपमध्ये, की ब्राउझरमध्ये गूगल मेसेजेस उघडून? आणि मेसेज अजिबातच येत नाहीत की उशिरा येतात?

बी-२०३: फोन लिंक. फोन अँड्रॉइड आहे. येतात गं, पण फोन नुसता टेबलावर पडून असला की कॉम्प्युटरवर शुकशुकाट. उचलून स्क्रीन चालू केली रे केली, की सकाळपासूनचे सगळे धडाधड येऊन पडतात.

ए-५०१: मग जोडणी शाबूत आहे. एसएमएस येतो तो फोनकडे. कॉम्प्युटर हा नुसता आरसा, फोनवरचं ‘लिंक टू विंडोज’ हे अ‍ॅप त्याला जे दाखवेल तेवढंच दिसणार. बॅटरी वाचवायला फोन त्या अ‍ॅपला झोपवतोय. स्क्रीन लागली की ते जागं होतं आणि साठलेलं सगळं एकदम पाठवतं.

फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, तिथे लिंक टू विंडोज, मग बॅटरी. ‘ऑप्टिमाइज्ड’ असेल तर ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. काही फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ नावाचं वेगळं बटण असतं, तेही चालू करा. बॅटरी सेव्हर कायम लावून ठेवत असाल तर तो बंद. शब्द फोनगणिक थोडे इकडेतिकडे असतील.

डी-३०२: आणि ब्लूटूथ बंद असेल तर?

ए-५०१: अँड्रॉइडला मेसेजसाठी ब्लूटूथ लागत नाही, ते कॉलसाठी. मेसेज इंटरनेटवरून जातात. म्हणून फोनचं वायफाय बंद असेल तर लिंक टू विंडोजमध्ये मोबाइल डेटावर सिंक (दोन्हीकडचे मेसेज जुळवून ठेवणं) करायची परवानगी द्यावी लागते, नाहीतर बाहेर पडलात की सगळं ठप्प.

बी-२०३: बॅटरीचं केलं. बघतो आता. पण जुने मेसेजही गायब आहेत, त्याचं काय? वेडं व्हायची वेळ आली, शोधून शोधून.

ए-५०१: 😄 गायब नाहीत, फोनमध्येच आहेत. फोन लिंक गेल्या ३० दिवसांचेच दाखवतं. त्याआधीचं फोनवर शोधा.

सी-१०४: माझं दुखणं वेगळं आहे. आयफोन आणि मॅक. काही लोकांचे मेसेज मॅकवर येतात, काहींचे नाहीतच.

ए-५०१: ताई, जे येतात ते निळे आणि जे येत नाहीत ते हिरवे, असं आहे का?

सी-१०४: हो! अगदी तसंच.

ए-५०१: निळे म्हणजे आयमेसेज, ते अ‍ॅपल अकाउंटवरून थेट मॅकवर येतात. हिरव्यांतला साधा एसएमएस सिमवर येतो, तो फोनने पुढे ढकलावा लागतो. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये मेसेजेस, त्यात ‘टेक्स्ट मेसेज फॉरवर्डिंग’, तिथे तुमच्या मॅकसमोरचं बटण चालू करा. आयओएस १८ पासून मेसेजेस हे ‘अ‍ॅप्स’च्या आत गेलंय, म्हणून लवकर सापडत नाही. दोन्हीकडे अकाउंट एकच हवं. मॅकचं नावच यादीत नसेल तर आधी तेच तपासा.

सी-१०४: सापडलं, बटण बंदच होतं. आता हिरवेही यायला लागले. मॅकवरून नको ते मेसेज उडवले तर फोनवर राहतील ना?

ए-५०१: आयक्लाउडमध्ये मेसेजेस चालू असेल तर दोन्हीकडून जातील. गूगल मेसेजेसचंही तेच, ब्राउझरमध्ये उडवलं की फोनवरूनही गेलं. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. पुष्कळ जण इथेच फसतात.

डी-३०२: मी ब्राउझरवाला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला की दर वेळी परत जोडणी मागतो. वैताग आहे.

ए-५०१: इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे खासगी विंडोत उघडतोस का? किंवा ब्राउझर बंद करताना कुकीज पुसायचं सेटिंग लावलंय? जोडणीची आठवण कुकीजमध्येच असते, ती पुसली की तू त्याच्यासाठी अनोळखी. त्या साइटला अपवादात टाक.

डी-३०२: कुकीजच. मघाशी ‘यूज हिअर’ असंही विचारत होता.

ए-५०१: म्हणजे दुसरीकडे कुठेतरी उघडं आहे. एका वेळी एकाच ठिकाणी चालतं. फोनवर गूगल मेसेजेसमध्ये तुझ्या फोटोवर टॅप कर, ‘डिव्हाइस पेअरिंग’ उघड आणि यादी बघ.

डी-३०२: यादीत एक जुना कॉम्प्युटर दिसतोय. ऑफिसचा असावा.

ए-५०१: आत्ताच काढ. बँकेचे ओटीपी त्या स्क्रीनवर उघडे पडू शकतात. बाकीच्यांनीही आपापली यादी बघून घ्या. आणि फोनवर कोणी ‘हा क्यूआर स्कॅन करा, तुमचं सिंक दुरुस्त करून देतो’ म्हणालं तर फोन ठेवून द्या. तो क्यूआर त्याच्या कॉम्प्युटरचा असतो.

डी-३०२: काढला.

बी-२०३: ओटीपीवरून आठवलं, फोन लिंकच्या नोटिफिकेशनमध्ये काही वेळा मजकूर लपवलाय असं येतं. हीसुद्धा बॅटरीच का?

ए-५०१: नाही काका, ते मुद्दाम आहे. अँड्रॉइड १५ पासून ओटीपीसारखा मजकूर असलेली नोटिफिकेशन दुसऱ्या अ‍ॅपपासून झाकली जाते. तसंच राहू दे. ओटीपी फोनवरच बघावा.

ॲडमिन: चांगली माहिती. हे चालू द्या.

ई-४०१: उशिरा येतेय चर्चेत. आयफोन आणि विंडोज, फोन लिंक जोडलंय. मजकूर येतो पण फोटो येत नाहीत, आणि बहिणींचा ग्रुप तर दिसतच नाही. कुठलं बटण राहिलं?

ए-५०१: कुठलंच नाही. आयफोनचं फोन लिंक ब्लूटूथवर चालतं आणि त्यात फोटो व ग्रुप मेसेज येतच नाहीत. जोडलेलं असताना आले-गेले तेवढेच मेसेज दिसतात. ब्लूटूथच्या यादीत कॉम्प्युटरसमोरच्या ‘आय’वर टॅप करून ‘शो नोटिफिकेशन्स’ चालू आहे ना एवढं बघा. ते बंद असलं तर आहे तेही बंद पडेल.

ई-४०१: चालू आहे. म्हणजे फोटो फोनवरच बघायचे.

ए-५०१: हो. मॅक घेईपर्यंत तरी.

बी-२०३: फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बसलोय, स्क्रीन बंद. आत्ताच वीज बिलाचा मेसेज कॉम्प्युटरवर आला.

ए-५०१: 👍 उद्या सकाळी एकदा परत बघा काका. काही फोन अपडेट झाल्यावर बॅटरीचं सेटिंग पुन्हा मूळपदावर नेतात.