जुन्या पार्टचा गेमिंग पीसी: बचत की फसवणूक?

खडकीकर: मुलाच्या हट्टापायी सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्या पालकांनो, थांबा. ही कार्डं मायनिंगमध्ये, म्हणजे क्रिप्टोकरन्सी कमावण्याच्या कामात, रात्रंदिवस राबून बाद झालेली असतात. पैसे साठवा, बिल-वॉरंटीसकट नवंच घ्या.

अकोलेकर: "पैसे साठवा" म्हणणं फार सोपं आहे हो. वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. ग्राफिक्स कार्डांवरचं इथेरियम या क्रिप्टोकरन्सीचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्येच बंद पडलं. त्यातली जी कार्डं आजही चालताहेत, त्यांचे बहुधा पंखे झिजलेले असतात आणि चिपची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळलेली असते. दोन्ही स्वस्तात बदलून मिळतं. खरी फसवणूक दुसरीकडे आहे. आरएक्स ५८० हे कार्ड सांगून त्याच नावाचं कमी ताकदीचं '२०४८ एसपी' गळ्यात मारतात. अस्सल ५८० मध्ये २३०४ कोअर असतात, यात आरएक्स ५७० या खालच्या कार्डाइतकेच, म्हणजे २०४८. दुकानातच जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा, आकडा बघा, अर्धा तास गेम चालवा. करू देत नसेल तर उठून या. माझा धाकटा भाऊ अशाच कार्डावर मजेत खेळतोय.

खडकीकर: तुमचा भाऊ नशीबवान. माझ्या कार्डाने दोन महिन्यांत स्क्रीनवर रंगीत ठिपके दाखवले आणि दुकानदाराने ओळखही दाखवली नाही. त्याचं काय?

मिरजकर: एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, कुठला होता? कॅबिनेटबरोबर आलेला ना? तिथेच घात झाला. ५८० एकटं १८५ वॅटच्या घरात खातं. डब्यावर ४५० वॅट छापलेलं असलं तरी कार्डाला वीज देणाऱ्या १२ व्होल्टच्या लाइनवर त्यातले किती मिळतात ते स्टिकरवर वाचा. आणि घरात अर्थिंग आहे का? कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर नाही.

वऱ्हाडी: अर्थिंगचं नंतर बघू भाऊ, आधी व्होल्टेज तर येऊ द्या! संध्याकाळी पंप सुरू झाले की आमच्या डीपीवर दिवे मिणमिणतात. शहरातल्यांनी आम्हाला शिकवू नये.

मिरजकर: मीही गावातच राहतो, शहरातला म्हणू नका! म्हणूनच सांगतोय, अॅक्टिव्ह पीएफसीचा (वीज नीट खेचणारं सर्किट असलेला) १०० ते २४० व्होल्टवाला एसएमपीएस घ्या. कमी दाबातही तग धरतो. मात्र स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर काही एसएमपीएस कुरकुरतात, तेव्हा इन्व्हर्टर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखी लाट देणारा, बघा.

वऱ्हाडी: म्हणजे कार्ड स्वस्त आणि इन्व्हर्टर महाग. वा रे बचत!

खडकीकर: विषय कार्डाचा आहे, विजेचा नाही! आणि जुना चौथ्या पिढीचा इंटेल आय५ प्रोसेसर घेणाऱ्यांनो, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ त्या प्रोसेसरवर अधिकृतपणे बसत नाही. याचं उत्तर द्या.

अकोलेकर: हे मात्र खरं, मानावंच लागेल. म्हणून मी एएमडीच्या एएम४ सॉकेटचा मदरबोर्ड आणि जुना रायझन ५ ३६०० प्रोसेसर सुचवतो. पुढे बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसवता येतो. फक्त तुमच्या बोर्डाच्या यादीत तो आहे का ते आधी बघा.

खडकीकर: ठीक आहे. एसएमपीएस नवा आणि कार्ड तपासून जुनं, इतपत मान्य. पण हार्ड डिस्क जुनी घ्या असं मी मेलो तरी म्हणणार नाही.

मिरजकर: ती जुनी घ्या असं इथे म्हटलंय कोणी? आणि अर्थिंगचं उत्तर अजून आलं नाही. वायरमनला बोलवा, फेज आणि अर्थिंगमध्ये मीटर लावून बघा. २३० च्या आसपास आकडा आला नाही, तर नवं कार्ड आणलंत तरी लावू नका.