मैदा-मिठाच्या ठशांना तडे जात आहेत, तातडीने मदत हवी आहे

घाईतली_आई:
आजी-आजोबांना सणाची भेट म्हणून मुलांच्या हातांचे ठसे करत आहोत. दोनदा केले, दोन्ही वेळा तडे गेले. दुसऱ्या वेळी तर मधला भाग इतका फुगला की बोटांच्या खुणाच पुसल्या गेल्या. सण चार दिवसांवर आला आहे आणि धाकटा तिसऱ्यांदा हात द्यायला तयार नाही. काय चुकते आहे, ते कृपया लवकर सांगावे.

मातीकाम:
प्रमाण, जाडी आणि वाळवण्याची पद्धत, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

घाईतली_आई:
प्रमाण नेहमीचेच. जाडी अंगठ्याएवढी. ओव्हन १८० अंशांवर, केकसाठी ठेवतो तसा.

मातीकाम:
मग तडे जाणारच. एवढ्या उष्णतेत वरचा थर आधी कडक होतो आणि आत अडकलेल्या पाण्याची वाफ त्याला उचलून धरते. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि लागेल तसे, साधारण वाटीभर पाणी घेऊन गोळा दहा मिनिटे मळावा, अर्धा सेंटिमीटर जाड लाटावा आणि १०० अंशांच्या आसपास दोन-तीन तास, मध्ये एकदा उलटून, वाळवावा. दोरीसाठी भोक ओले असतानाच पाडावे.

हौशी_मावशी:
एवढा खटाटोप कशाला? प्लास्टर ऑफ पॅरिस भिजवावे आणि त्यात हात दाबावा. मी दरवर्षी तेच करते.

मातीकाम:
कृपया असे सुचवू नये. प्लास्टर घट्ट होताना तापते आणि जाड थरात रुतलेला हात गंभीर भाजू शकतो. प्लास्टरच हवे असेल, तर ठसा मऊ मातीत घ्यावा आणि हात काढल्यावर त्या खळग्यात प्लास्टर ओतावे.

हौशी_मावशी:
आमच्या मुलांना कधी काही झाले नाही.

मातीकाम:
झाले नाही, हे आपले सुदैव.

रंगीत_कागद:
वेष्टनासाठी बटाटा अर्धा कापून त्यावर नक्षी कोरावी आणि मुलांकडून साध्या खाकी कागदावर छापून घ्यावी. फार देखणे दिसते.

घाईतली_आई:
वेष्टनाचे मी विचारलेले नाही.

शंकेखोर:
मैदा बेकिंग पावडर मिसळलेला तर नव्हता? तसा असेल, तर मंद आचेवरही फुगेल.

घाईतली_आई:
पाकीट आत्ता नीट वाचले. मिसळलेलाच आहे, आणि दोन्ही वेळा तोच वापरला.

शंकेखोर:
तरीच. शिवाय मीठ हवेतला ओलावा ओढते. ठसा पूर्ण वाळल्यावर रंगवून दोन्ही बाजूंना वार्निश लावावे, नाही तर पावसाळ्यात तो मऊ पडेल. वार्निशचे काम मात्र मोठ्यांनीच करावे. घरात कुत्रा असल्यास गोळा त्याच्या तोंडी लागू देऊ नये, कारण एवढे मीठ त्याच्या जिवावर बेतू शकते.

घाईतली_आई:
नवा मैदा आणून गोळा मळला आहे. धाकट्याने हात दिलाच नाही, पाय पुढे केला. पावलासाठी अर्धा सेंटिमीटर पुरेल का?

मातीकाम:
थोडा अधिक ठेवावा. टाच खोल जाते, तेव्हा त्याला उभे न करता मांडीवर घेऊन गोळाच तळव्यावर दाबावा.