शॅमेलिऑन पाळायचाय, नर घ्यावा की मादी?

मोगरा_डॅलस
नमस्कार मंडळी. मुलगा सहावीत आहे आणि गेलं वर्षभर शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) पाहिजे म्हणून मागे लागलाय, लायब्ररीतली सगळी पुस्तकं वाचून झाली, व्हिडिओ बघून झाले, शेवटी आम्ही दोघं हो म्हणालो. इथून तासाभरावर एक ब्रीडर आहे त्याच्याकडे व्हेल्ड (veiled) जातीच्या शॅमेलिऑनची तीन महिन्यांची पिल्लं आहेत, नर पण आणि मादी पण. मादी बरीच स्वस्त आहे आणि तो म्हणतोय की मादी लहान राहते, शांत असते, पिंजरा जरा छोटा असला तरी चालतो. मुलाला मात्र डोक्यावर उंच तुरा असलेला नरच हवाय. मला वाटतंय पहिल्यांदाच पाळतोय तर मादी बरी, पण अंड्यांचं काय? घरात नर नसेलच तर अंड्यांचा प्रश्न येणार नाही ना? आणि नवऱ्याचं म्हणणं दोन्ही आणू, एकमेकांना सोबत होईल. कोणी पाळलाय का इथे? प्लीज सविस्तर सांगा, पुढच्या वीकेंडला जायचंय.

फांदीवरचा
मोगराताई, आधी सोबतीचं सांगतो. दोन अजिबात आणू नका. हा प्राणी पूर्ण एकलकोंडा, पिल्लं थोडी मोठी झाली की वेगळी करावीच लागतात, एका पिंजऱ्यात दोन ठेवले की एक सतत दबून राहतो, खाणं सोडतो आणि आजारी पडतो, वरून भांडण दिसलं नाही तरी. नर तर काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तरी अंग फुगवून फिस्कारतो, म्हणून पिंजरा आरशासमोर किंवा टीव्हीच्या काळ्या स्क्रीनसमोर ठेवू नका.

आता अंडी. नर नसला तरी मादी अंडी घालते, कोंबडी कोंबड्याशिवाय घालते तसंच. पाच-सहा महिन्यांची झाली की वयात येते आणि मग वर्षातून दोन-तीनदा सुद्धा घालू शकते. त्यातून पिल्लं निघत नाहीत पण तिच्या शरीरातलं कॅल्शियम जायचं ते जातंच. अंडी आत अडकली तर जिवावर बेततं. म्हणूनच साधारण नर ५ ते ८ वर्षं जगतो आणि मादीचं आयुष्य त्याहून कमी भरतं. पहिलाच प्राणी आणि घरात लहान मुलगा, माझं स्पष्ट मत नर घ्या. फक्त जागा लागेल, नर शेपटीसकट दीड-दोन फूट होतो, २ बाय २ बाय ४ फूट उंच जाळीचा पिंजरा पाहिजेच. मादी फूटभराच्या आसपास राहते. जागेची अडचण नसेल तर मला तरी दुसरा विचार करावासा वाटत नाही.

रानजाई_ओहायो
फांदीवरचा यांनी अंड्यांचं सांगितलं ते सगळं खरं आहे, पण त्यामुळे मादी कोणी घेतच नाही याचं मला फार वाईट वाटतं. मी मादीच पाळते, व्हेल्डच. नीट तयारी असली तर मादी छान जगते. ब्रीडर लोक मात्र "लहान, शांत, स्वस्त" एवढंच सांगतात आणि अंड्यांची गोष्ट गाळतात, आणि मग घेणाऱ्याला काही महिन्यांनी अचानक मादी पिंजऱ्याच्या तळाशी जाऊन माती उकरताना दिसते आणि तो घाबरतो. हे चुकीचं आहे, ही माहिती विकतानाच द्यायला हवी.

मादीच्या बाबतीत सगळा खेळ खाणं आणि उष्णता या दोन गोष्टींचा. भरपूर किडे दिले आणि दिव्याखाली खूप गरम ठेवलं की तिचं शरीर समजतं की दिवस सुगीचे आहेत आणि एका वेळी ६०-७० अंडी सुद्धा तयार करतं. एवढी अंडी एवढ्याशा जिवाच्या पोटात, विचार करा. म्हणून मोठी झाल्यावर मी तिला एक दिवसाआड तीन-चारच क्रिकेट (रातकिडे) देते आणि बास्किंगचं, म्हणजे दिव्याखाली ऊब घेत बसते त्या जागेचं, तापमान ८० फॅरनहाइटच्या आसपास ठेवते, नराला ८५ पर्यंत चालतं. एवढं सांभाळलं की अंडी पुष्कळ कमी होतात, आकडा वीसच्या घरात येतो, कधी कधी एखादी खेप घालतच नाही. पण हे वाढ पूर्ण झाल्यावर हां, तीन महिन्यांच्या पिल्लाला उपाशी ठेवायचं नाही, त्याला रोज पोटभर.

दुसरं म्हणजे लेइंग बिन, अंडी घालायचा टब. वयात आल्यापासून पिंजऱ्यात कायम पाहिजे, अंडी दिसायला लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही. फूटभर लांब-रुंद आणि फूटभर खोल टब घ्यायचा, त्यात धुतलेली बारीक वाळू किंवा वाळू आणि साधी माती मिसळून भरायची आणि एवढी ओली ठेवायची की बोटाने बोगदा केला तर तो ढासळता कामा नये. ती खाली उतरून फेऱ्या मारायला लागली, खाणं कमी झालं की समजायचं वेळ आली. मग पिंजऱ्याला चारी बाजूंनी चादर लावायची आणि कोणी डोकावायचं नाही. खणताना कोणी बघतंय असं तिला दिसलं की ती बोगदा अर्धवट सोडते आणि अंडी धरून ठेवते, हेच सगळ्यात धोक्याचं. तुमचा मुलगा सहावीतला आहे, त्याला दर दहा मिनिटांनी बघावंसं वाटणार, हे त्याला आधीच समजावून सांगा. अंडी घालून झाली की ती स्वतःच माती लोटून जागा सपाट करते, तेव्हा तिला भरपूर पाणी आणि पुढचे काही दिवस जास्त खाणं.

खणते खणते पण अंडी येत नाहीत, डोळे दिवसा मिटलेले, फांदी धरता येत नाही असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्या नाही. साध्या कुत्र्या-मांजराच्या डॉक्टरकडे बहुतेक वेळा हे जमत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांची एआरएव्ही म्हणून संघटना आहे, तिच्या साइटवर गावानुसार डॉक्टर सापडतात. नर घ्या नाहीतर मादी, प्राणी आणायच्या आधी डॉक्टर शोधून ठेवा.

आणि हो, मादी घेतलीच तर लहानच घ्या. मोठी मादी आधीच नराबरोबर राहिलेली असू शकते आणि ती शुक्राणू साठवून ठेवते, मग एका मीलनावर पुढच्या खेपांची अंडी सुद्धा फळतात.

सह्याद्री_वाटाड्या
वाचतोय, छान माहिती. मी पुण्यात असतो. आमच्याकडे कोकणात सुट्टीला गेलो की घोयरा दिसतो झाडावर, तोही शॅमेलिऑनच ना? पुतण्या म्हणतोय आणू या घरी.

फांदीवरचा
@वाटाड्या नाही हो दादा, हात लावू नका. घोयरा हा आपला भारतीय शॅमेलिऑन, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, पकडणं, पाळणं, विकणं सगळाच गुन्हा. शिवाय जंगलातून आणलेला घरात टिकत नाही. पुतण्याला झाडावरच दाखवा, संध्याकाळी टॉर्च घेऊन गेलात तर झोपलेला असताना फिकट दिसतो, पटकन सापडतो. भारतात परदेशी जात पाळायची म्हटलं तरी ती CITES (साइट्स, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार) च्या यादीत असते, वन खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

निळाई
मोगरा, मुलाला रंग हवे असतील तर पँथर शॅमेलिऑनचा पण विचार कर, मादागास्करचा. त्यात तर नर-मादीत जमीन अस्मानाचा फरक. नर अंबिलोबे भागातला असेल तर लाल-निळा-हिरवा, नोसी बे बेटावरचा असेल तर निळसर हिरवा, आणि मादी सगळीकडची जवळपास सारखीच, फिकट गुलाबी-तपकिरी. पण पिल्लं सगळी मातकटच असतात, नराचा खरा रंग यायला वर्ष जातं, धीर पाहिजे. २०१५ मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी पँथरवरच दाखवून दिलं की त्वचेतल्या पेशींमधले बारीक स्फटिक जवळ-लांब होतात म्हणून रंग बदलतो, म्हणजे नर दुसरा नर बघून तापला की हिरव्याचा पिवळा होतो. मुलाला हे आवडेल. महाग आहे मात्र, आणि मादी असेल तर अंडी पँथरची पण तशीच.

मोगरा_डॅलस
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! दोन आणायचं रद्द, नवऱ्याला तुमचे रिप्लाय वाचून दाखवले. रानजाईताई, तुमचं वाचून मादीबद्दल माया वाटली पण एवढं सांभाळणं पहिल्याच वेळी झेपेल असं वाटत नाही, आम्ही दोघंही नोकरी करतो. व्हेल्डचा नरच घेतोय. आता एवढंच सांगा, ब्रीडरने नर म्हणून मादी दिली तर कळायचं कसं? तीन महिन्यांच्या पिल्लाला तुरा तर एवढासाच असतो.

रानजाई_ओहायो
अगदी योग्य निर्णय, मनापासून सांगते. ओळखणं सोपं आहे. मागच्या पायांची टाच बघा, तिथे मागच्या बाजूला बारीक काट्यासारखा उंचवटा असेल तर नर, टाच सपाट गुळगुळीत असेल तर मादी. व्हेल्डमध्ये हा काटा अंड्यातून बाहेर आल्यापासून असतो. हातात घेऊन उलटं करायची गरज नाही, काचेवर किंवा जाळीवर चढलेला असताना मोबाइलने पायाचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. हे फक्त व्हेल्डसाठी हां, पँथरला असा काटा नसतो, तिथे शेपटीच्या मुळाशी फुगीरपणा बघावा लागतो आणि तो लहानपणी नीट कळत नाही.

टाच बघून झाली की डोळे पण बघा, बाहेर आलेले आणि सगळीकडे फिरणारे पाहिजेत, खोल गेलेले असले तर पाणी कमी पडलंय. पुढचे पाय वाकडे दिसले तर घेऊ नका. आणि ब्रीडरला तुमच्यासमोर एक किडा खायला घालायला सांगा.

फांदीवरचा
+१. आणि पिंजरा, लांब नळीचा यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा, पाण्याचा ड्रिपर हे सगळं या आठवड्यातच लावून चालू करून ठेवा, प्राणी आल्यावर नाही. वाटीतलं पाणी तो पीत नाही, पानावरचे थेंब पितो. झाडं म्हणून मनीप्लांट आणि जास्वंद लावा, व्हेल्ड पानं कुरतडतो आणि ही दोन्ही त्याला चालतात. नर्सरीतून आणली तर पानं धुवून, वरची माती बदलून मगच आत ठेवा, खताचे दाणे जिभेला चिकटून पोटात जातात.

मोगरा_डॅलस
नोट केलं सगळं. मनीप्लांट घरात आहेच, जास्वंद उद्याच आणते.